फोंताइन्हासच्या जुन्या घरात मुक्काम: खोली निवडण्यापासून निरोपापर्यंत

पणजीत फोंताइन्हासला, पोर्तुगीज काळातल्या रंगीत घरांच्या जुन्या वस्तीत, मी पहिल्यांदा राहिले ती जुलैत, आईला घेऊन. फोटोत पिवळी भिंत, निळी चौकट, चार खांबांचा पलंग असं सगळं दिसत होतं, आणि ते सगळं तिथं होतंही. पण आम्हाला मिळालेली खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला, आल्तिनोच्या टेकडीला पाठ टेकून होती. तिसऱ्या दिवशी आईची घडीची साडी हाताला ओलसर लागली आणि माझ्या चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी धरली. त्याच घरात वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत उतरलेलं जोडपं रोज सकाळी ताजंतवानं होऊन नाश्त्याला यायचं. भाडं दोन्ही खोल्यांचं सारखंच. मला कुणी फसवलं नव्हतं. मी खोलीबद्दल काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर याच वस्तीत वेगवेगळ्या घरांत राहिले आणि एक गोष्ट पक्की झाली. नव्या हॉटेलात एक खोली पाहिली की सगळ्या पाहिल्या. जुन्या घरात मात्र दर खोली वेगळी असते, म्हणून बुकिंग करताना हॉटेलचं नाव पुरत नाही, खोली ठरवावी लागते.

आधी घर कसं बांधलंय ते समजून घ्या

पणजीचं महत्त्व वाढलं ते जुन्या गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीच्या शहरात, साथींनी माणसं मरायला लागली तेव्हा. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीत राहायला आले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. आल्तिनोची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत तेव्हा नारळाची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिक्वेरा या गृहस्थाची ती बाग. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणायचे. पुढं त्या बागेतच घरं उठली. टेकडीच्या पायथ्याशी पाण्याचे झरे होते, त्यांच्यावरूनच वस्तीला फोंताइन्हास हे नाव पडलं. मळा भागातलं फोंत फेनिक्स हे झऱ्याचं ठिकाण आजही दाखवतात.

हा इतिहास खोली निवडताना थेट कामाला येतो. एका बाजूला पाझरणारी टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी. घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. जांभा दगड सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी तो हळूहळू वर ओढतो. पूर्वी त्यावर चुन्याचा गिलावा असायचा. चुना ओल धरतो आणि ऊन पडलं की सोडतोही. दुरुस्तीत जिथं सिमेंटचा गिलावा केला तिथं ओल आतच अडकते, रंगाचे पापुद्रे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. तळमजल्यावर, टेकडीकडच्या बाजूला हे सर्वांत जास्त. वरच्या मजल्यावर कौलं, उंच छप्पर आणि समोरासमोरच्या खिडक्या यांमुळं हवा खेळती राहते. पण तिथं चालताना लाकडी तक्तपोशी वाजते, आणि वर जाणारा जिना बहुधा अरुंद आणि उभा असतो. लिफ्ट नसते, असं धरूनच चाला.

घरांचे ढोबळमानानं दोन प्रकार. ख्रिस्ती कुटुंबांची घरं रस्त्याकडं तोंड करून असतात: लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, मोठ्या खिडक्या, दारासमोर बसायला बाल्कांव. हिंदू कुटुंबांची घरं आतल्या चौकाभोवती, म्हणजे गोव्यात ज्याला राजांगण म्हणतात त्याच्याभोवती बांधलेली. रस्त्यावरून त्यांचं काहीच दिसत नाही, आत गेलं की शांत. ३१ जानेवारी रस्त्यावरचं ‘पणजिम इन’ हे जुन्या घराचं हॉटेल झालेल्यांतलं जुनं नाव आणि ते पहिल्या प्रकारचं. जवळच ‘पणजिम पौसाडा’चं घर दुसऱ्या प्रकारचं, चौकाचं. रस्त्यावरची ये-जा बघत बसायला आवडत असेल तर पहिलं, झोप सावध असेल तर दुसरं. आईसाठी मी आता चौकाचंच घर बघते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, पण गर्दीही तेव्हाच. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. तो २००४ पासून इथं भरतो आणि त्या आठवड्यात लहान हॉटेलं सर्वांत आधी भरतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, मग नाताळ, नवं वर्ष, फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल. या दिवसांत भाडं वाढतं आणि रद्द केल्यावर पैसे परत न मिळण्याची अट बहुतेक जण घालतात.

माझा कौल ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यानंतर घरं पुन्हा रंगवायची इथली जुनी रीत आहे, त्यामुळं भिंती ताज्या दिसतात. पावसाळा आवडत असेल तर जरूर जा, फक्त वरचा मजला मिळत असेल तरच.

फोन करा, आणि हे विचारा

बुकिंगच्या ॲपवर ‘हेरिटेज रूम’, ‘डिलक्स’ एवढंच कळतं. दोन-तीन ठिकाणं निवडा आणि थेट फोन लावा, दुपारी एक ते चार सोडून. गोव्यात दुपारची विश्रांती लोक अजून पाळतात. सकाळी अकराच्या सुमाराला निवांत बोलणं होतं. मराठीत बोललात तरी चालतं. समोरचा कोकणीत उत्तर देईल आणि तुमचं काही अडणार नाही.

पहिला प्रश्न: “कुठली खोली देणार? मजला कुठला, खिडकी कुठल्या बाजूला?” लहान हॉटेलात दहा-पंधरा खोल्या असतात, त्यामुळं उत्तर लगेच मिळतं. ‘आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर मी पुढं जात नाही.

मग जिना. किती पायऱ्या, कठडा दोन्ही बाजूंनी आहे का. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हे स्पष्ट सांगा आणि तळमजल्यावर पण चौकाकडची किंवा रस्त्याकडची खोली मागा. टेकडीकडची नको.

न्हाणीघर हा जुन्या घरातला नाजूक विषय. ही घरं बांधली तेव्हा खोलीला जोडून संडास-बाथरूम नसायची. नंतर खोलीचाच एक कोपरा भिंत घालून वेगळा केलेला असतो. खालून नळ नेण्यासाठी जमीन उचललेली असते, म्हणून दारात वीतभर उंच पायरी येते. रात्री अंधारात वयस्कर माणूस तिथंच अडखळतं. पायरी आहे का, आत खिडकी किंवा पंखा आहे का, गिझर किती लिटरचा, हे विचारा. तीन माणसांना लहान गिझर पुरत नाही, सकाळी एकाला तरी थंड पाण्यानं आंघोळ करावी लागते.

आवाजाचं विचारा: खाली किंवा शेजारी बार किंवा रेस्टॉरंट आहे का, किती वाजता बंद होतं. गेल्या काही वर्षांत या गल्ल्यांत खाण्यापिण्याची ठिकाणं वाढली आहेत आणि शनिवारी रात्री गर्दी असते. खाडीकडच्या रुआ द ओरेम रस्त्यावर वाहनांचा आवाज आणि संध्याकाळी डास. आतल्या गल्ल्यांत दोन्ही कमी.

गाडी घेऊन येणार असाल तर पार्किंगचं आधी ठरवा. आतले रस्ते एवढे अरुंद की गाडी थांबवून सामान उतरवायलाही जागा शोधावी लागते. बहुतेक हॉटेलं खाडीकाठी गाडी लावायला सांगतात आणि ती जागा राखीव नसते.

शेवटी पैसे. दर कशाचा ते विचारा: ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. कर धरून किती, तेही. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढं १८ टक्के. ७,४०० आणि ७,८०० यांतला खरा फरक त्यामुळं ४०० पेक्षा खूप जास्त पडतो. हिशेब करून बघा. सगळं ठरलं की खोलीचा मजला, बाजू, दर आणि रद्द करण्याची अट एका व्हॉट्सॲप संदेशात लिहून पाठवा आणि ‘हो’ लिहून घ्या. ओळखीचं ठिकाण असलं तरी मी हे करते. गोव्यात राहण्याची सोय देणाऱ्यांना पर्यटन खात्याकडं नोंदणी करावी लागते. नवं, अनोळखी घर असेल तर नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.

कागदपत्रं

प्रत्येक मोठ्या माणसाचं पत्त्यासह ओळखपत्र लागतं. आधारची प्रत देताना शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत उतरवून घ्या. पॅन कार्डावर पत्ता नसल्यानं ते चालत नाही. अमेरिकेतून किंवा इंग्लंडातून आलेला भाऊ-भाचा बरोबर असेल तर त्याचा मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड हवंच. परदेशी पाहुण्याची नोंद हॉटेलला २४ तासांत सरकारकडं पाठवावी लागते, म्हणून ते कागद मागतात. पासपोर्ट दाखवा, फोटो काढू द्या, आणि परत घ्या.

पोचायचं कसं

रेल्वेनं करमळी हे सर्वांत जवळचं स्टेशन, जुन्या गोव्याला लागून, पणजीपासून साधारण १२ किलोमीटर. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, नाहीतर थिवी किंवा मडगाव. विमानानं आलात तर दाबोळी किंवा मोपा. दोन्ही पणजीपासून लांबच, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला, म्हणून तिकिटावर कुठला विमानतळ आहे ते आधी वाचा. ओला-उबर इथं चालत नाहीत, गोवामाइल्स हे ॲप चालतं. दोन्ही विमानतळांवरून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसही आहेत.

बसनं येणाऱ्यांचं सर्वांत सोपं. पणजीचं कदंब बसस्थानक पाट्टोला, खाडीच्या पलीकडं. खाडी ओलांडली की समोर रंगीत घरांची रांग सुरू होते. सामान हलकं असेल तर चालतच या, पंधरा मिनिटांत पोचाल. चाकाची बॅग आतल्या गल्ल्यांत फार खडखडते. पहाटे पोचलात तर ती उचलून न्या, खिडक्यांमागं माणसं झोपलेली असतात.

खोलीत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं

बॅग उघडण्याआधी हे करा. भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर तळहात ठेवा. गार लागणं ठीक, ओलं लागलं तर खोली बदलून मागा. कपाटाचं दार उघडून वास घ्या, ओलीचा वास आधी तिथंच साठतो. गाद्या आणि उशी दाबून बघा. गिझर लावा आणि दहा मिनिटांनी नळ सोडा. सगळ्या खिडक्या एकदा उघडून, लावून बघा.

खिडक्यांपाशी जरा थांबा. जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे काप लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. हाताच्या तळव्याएवढासुद्धा नसतो एक काप, कडा घासून चौकोनी केलेला. बाहेरचं त्यातून दिसत नाही, उजेड मात्र दुधासारखा होऊन आत येतो. दुपारी दोनच्या कडक उन्हातही खोली पहाटेसारखी वाटते. हे काप पातळ आणि जुने असतात, बदलायला सहज मिळत नाहीत. झडप ढकलताना लाकडाला हात लावा, कापांना नको. वारा असेल तर आकडा घाला. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे हात धरून दाखवा. एकदा कळलं की तीच इतरांना सांगत फिरतात.

या खिडक्या पक्क्या बंद होत नाहीत, त्यामुळं डास येतात. अंधार पडायच्या आधी झडपा ओढून घ्या. विजेची बटणं-प्लग थोडे आणि अडचणीच्या जागी असतात, एक एक्स्टेन्शन बोर्ड जवळ ठेवा. जाड भिंतींमुळं वायफाय एका खोलीत भरपूर आणि शेजारच्या खोलीत शून्य असतं. ऑफिसचं काम करायचं असेल तर आल्या आल्याच तपासा.

काही खटकलं तर लगेच सांगा, सौम्यपणे सांगा. अशा घरांत समोर बसलेला माणूस बरेचदा मालक किंवा वर्षानुवर्षं काम करणारा असतो. खोली रिकामी असेल तर ती बदलून मिळते. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर तोवर नवे पाहुणे आलेले असतात.

शेजाऱ्यांचं भान

फोंताइन्हास ही राहती वस्ती आहे. समोरच्या दारात आजी भाजी निवडत बसलेली असते, गॅलरीत कपडे वाळत असतात. गेली काही वर्षं फोटो काढायला येणाऱ्यांनी या लोकांना अक्षरशः सळो की पळो केलंय. लग्नाआधीच्या फोटोंसाठी लोक परक्याच्या पायऱ्यांवर बसतात, खिडकीत डोकावतात, कपडे बदलायला जागा मागतात. काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत. ती पाटी वाचून दुसऱ्या कोनातून फोटो काढणं म्हणजे पाटी न पाळणंच. बाल्कांव ही घराची जागा आहे, बसायचं असेल तर विचारा. माझा अनुभव असा की विचारणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि कधी कधी घराची गोष्टही ऐकायला मिळते.

बोलताना बाईमाणसाला ‘बाय’, पुरुषाला ‘बाब’ म्हटलं की कानाला गोड लागतं. आभार मानताना ‘देव बरें करूं’. रात्री दहानंतर गॅलरीत गप्पा मारायच्या असतील तर हळू आवाजात. लाकडी तक्तपोशीवर तुम्ही वर चप्पल घालून चाललात की खालच्या खोलीत प्रत्येक पाऊल ऐकू येतं.

सकाळी साडेसहाला उठा

इथं राहण्याचा खरा फायदा हाच, कारण दिवसा येणारे तेव्हा आलेले नसतात. आधी ऐकू येतो पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंपू, सायकलच्या दांडीला लावलेला रबरी, पों-पों असा. मागं मोठी वेताची टोपली, वर प्लास्टिकचा कागद. कागद उचलला की आतून वाफ येते. पाव असतो, कडक सालीचा उंडो असतो, बांगडीसारखं कांकण असतं आणि कोंडा भुरभुरलेली पोळी असते. ही पोळी म्हणजे आपली पुरणाची किंवा साधी पोळी नव्हे, आत पोकळ असलेला गोल पाव. सुटे पैसे हातात ठेवा आणि खाली उतरा. गरम पोळी दोन्ही हातांनी फाडली की आत खिसा उघडतो. त्यात नुसतं लोणी घातलं तरी नाश्ता झाला.

मग चालायला निघा. ३१ जानेवारी रस्त्याचं नाव गोव्याच्या कुठल्या घटनेवरून पडलेलं नाही. १८९१ मध्ये त्या दिवशी पोर्तुगालात पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला, त्याची ही आठवण. तिथून सेंट सेबॅस्टियनच्या कपेलकडं, म्हणजे छोट्या चर्चकडं वळा. उघडं असेल तर आतला क्रूस पाहा. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात तो होता, मग पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथं. क्रूसावरच्या येशूचे डोळे सहसा मिटलेले आणि मान खाली असते. इथं डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. ज्या जागी माणसांना उभं करून जाब विचारला जाई तिथं हे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते, हे मनात आलं की तिथं फार वेळ बोलवत नाही.

कपेलपासून मळ्याकडं गेलात की टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ आहे. पायऱ्या चढा, वरून सगळ्या वस्तीची कौलं खाली दिसतात. कपेलची घंटा आणि देवळाची घंटा एकाच खोलीतून ऐकू येणं मला फार आवडतं. जत्रेच्या दिवसांत इथं मोठी गर्दी होते, तेव्हा खोली घेताना आवाजाचा विचार करा.

दुपारी ऊन चढलं की पाट्टोच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ मध्ये सुरू झालेली ही संस्था, आणि नाव ज्याचं दिलंय त्या कृष्णदास शामाचं ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ सोळाव्या शतकातलं. मराठी वाचणाऱ्यानं पणजीत येऊन इथं तासभरही बसू नये, हे मला पटत नाही.

खाणं

शाकाहारी असाल तर हॉटेलच्या नाश्त्याबद्दल आदल्या रात्री सांगून ठेवा. लहान स्वयंपाकघरात सकाळी ऐनवेळी काही करणं त्यांनाही जड जातं. आणि एक सकाळ तरी बाहेर जा. कॅफे तातो किंवा कॅफे भोसले इथं पातळ भाजी आणि पाव, बरोबर मिरची भजी, शेवटी गोड बन आणि चहा. दोन्हीकडं चालत जाता येतं. मासे खाणाऱ्यांनी दुपारी साधी शितकढी (भात आणि माशाची कढी) थाळी देणारी खानावळ मालकालाच विचारावी. तो जिथं स्वतः जेवतो ते नाव घेईल.

निघताना

आदल्या संध्याकाळीच बिल मागून घ्या आणि व्हॉट्सॲपवरच्या दराशी ताडून बघा, म्हणजे सकाळी घाई होत नाही. खोली सोडायची वेळ आणि गाडीची वेळ यांत अंतर असेल तर बॅगा ठेवायला बहुतेक जण हरकत घेत नाहीत. करमळीहून गाडी असेल तर तासभर आधी निघा, संध्याकाळी कॅसिनोंच्या बाजूची गर्दी रस्त्यावर असते. स्वच्छता करणाऱ्या मावशींना बक्षिसी द्यायची असेल तर त्यांच्याच हातात द्या.

खोली आवडली असेल तर तिचा क्रमांक आणि बाजू फोनमध्ये लिहून ठेवा. माझ्याकडं अशी एक नोंद आहे: पहिला मजला, डावीकडची कोपऱ्यातली, दोन खिडक्या चौकाकडं, न्हाणीला पायरी नाही. आता फोन केला की मी तीच खोली रिकामी आहे का विचारते, आणि ज्या तारखांना ती मिळते त्या तारखांचं तिकीट काढते.